किटलीतलं पाणी

चुसोकच्या, म्हणजे कोरियातल्या सुगीच्या आणि पितरांच्या सणाच्या सकाळी घरातली माणसं न्हाणीघराबाहेर ताटकळत असताना मिरानने स्वयंपाकघरात एक उद्योग करून ठेवला. पितरांना दाखवायला म्हणून सासूबाईंनी नव्या तांदळाची दारू घरी करून पितळी किटलीत भरली होती. ती तिने एका स्टीलच्या पातेल्यात ओतली, पातेल्यावर झाकण टाकून ते मुळ्यांच्या टोपलीमागे सरकवलं आणि किटलीत नळाचं पाणी भरलं. किटली होती तिथे, होती तशी ठेवली. हात जराही कापला नाही. नवऱ्याच्या बाटल्या लपवण्यात, ओतून देण्यात आणि सकाळी त्याच्या ऑफिसात फोन करून 'ह्यांचं पोट बिघडलंय' असं सांगण्यात जिचा संसार गेला, तिला त्यात कापण्यासारखं काय होतं? असल्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तिच्या नवऱ्याला, ग्युसिकला, दारू सोडून वर्ष उलटलं होतं. गेल्या चुसोकला तो व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात, जाळीच्या खिडकीआड होता. गावाकडे मात्र सासूबाईंनी पसरवलं होतं की कंपनीने त्याला व्हिएतनामला धाडलंय. थोरला मुलगा पितरांच्या पूजेला नाही, याला दुसरं कुठलं कारण चाललं नसतं. मिराननेही री ओढली. ग्युसिकच्या काकांनी फोन करून तिकडची हवा कशी काय म्हणून चौकशी केली, तेव्हा तिने 'फार दमट आहे हो' असं ठोकूनही दिलं. त्याच दिवशी डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की याचं यकृत आता आणखी एक फेरी सोसणार नाही. पुन्हा सुरू झाली, तर पुन्हा इथे आणता येईलच असं धरून चालू नका.

म्हणून ते वर्ष दोघांनी जीव मुठीत धरून काढलं. ग्युसिकने सगळं पुस्तकातल्यासारखं केलं, असं म्हटलं तरी चालेल. पहाटे उठून मागची टेकडी चढायची. संध्याकाळी, जेव्हा पूर्वी गुत्त्याकडे पाय वळायचे, तेव्हा बैठकीला जायचं आणि इतर दारू सोडलेल्यांच्या मध्ये बसून खरं ते बोलायचं. उपाशी राहायचं नाही, राग गिळून बसायचं नाही. ओढ लागली की बैठकीतल्या सोबत्याला, एका निवृत्त बसड्रायव्हरला, फोन लावायचा आणि चालत सुटायचं. ती चढते तशी उतरते, तेवढा वेळ पाय हलते ठेवायचे. खिशात वाळवलेल्या खजुरांची पुडी कायम.

दवाखान्यातल्या समुपदेशक बांग बाईंनी तर पेशंटांकडून नाटकं बसवून घेतली होती. एकाने साहेब व्हायचं, एकाने सासरा, आणि तिसऱ्याने पेला नाकारायचा. चुसोक जवळ आला तसा हा खेळ घरी सुरू झाला. मिरान काका व्हायची. मांडी घालून, घसा खाकरून, भुवया वर करून पेला पुढे करायची, आणि ग्युसिक दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणायचा, "काका, मला दारूचा आजार आहे. मी पिणार नाही." पहिल्या खेपेला दोघं हसून हसून आडवी झाली. पुढे पुढे तो ते वाक्य न अडखळता, काकांच्या डोळ्यांना डोळा देऊन म्हणू लागला. म्हणजे मिरानच्या डोळ्यांना.

बांग बाईंचा एक वर्ग घरच्या माणसांसाठीही असे. तिथे त्यांनी बायकांना निक्षून सांगितलं होतं की त्याची बाटली तुम्ही राखू नका. तो पडायचा असेल तर पडेल, उभा राहायचा असेल तर राहील. तुम्ही मध्ये उशी घातलीत, तर तो पडला की उभा राहिला हे त्यालाही कळायचं नाही. सगळ्यांत जोरात मान मिराननेच डोलावली होती.

मग तरीही किटलीत पाणी का? तर आदल्या संध्याकाळी ती आणि धाकटी जाऊ तव्यावर माशाचे काप परतत बसल्या होत्या, तेव्हा ग्युसिक स्वयंपाकघराच्या दारात आला. सासूबाई दारू गाळत होत्या. तो दारात उभा राहिला, लागायला हवा होता त्यापेक्षा थोडा जास्त वेळ, आणि मिरानने त्याचा कंठमणी वरखाली झालेला पाहिला. पुढे त्याने जे करायचं तेच केलं. अंगणात गेला, सोबत्याला फोन लावला, खजूर तोंडात टाकून गावाच्या वेशीपर्यंत चालून आला. गाडीसुद्धा त्याने फाटकाकडे तोंड करून लावली होती आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली होती, निघावं लागलं तर अडकायला नको म्हणून. हे सगळं तिला दिसत होतं. पण तिच्या मनात तो कंठमणीच राहिला.

पूजेला सगळे माजघरात जमले. भिंतीशी पितरांचं मेज मांडलेलं, त्यावर फळं, मासे, तांदळाच्या पिठाचे वळलेले सोंगप्योन, आणि मधोमध कागदाच्या पट्टीवर ग्युसिकच्या वडिलांचं नाव. ते काकांनी स्वतः कुंचल्याने लिहिलं होतं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, पंचाहत्तरीचे, ताठ. गावात कुणाच्या पूजेत नासपती डावीकडे ठेवायची की उजवीकडे यावर वाद झाला, तर तो यांच्यापाशी यायचा. त्यांनी आल्या आल्या ग्युसिकला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून, व्हिएतनाम मानवलेलं दिसतं, असा शेरा मारला. ग्युसिक हसला. खरं म्हणजे तिथेच बोलायला हवं होतं, पण सासूबाई मध्येच फळं कापायची सुरी शोधू लागल्या आणि विषय राहून गेला.

ग्युसिक मेजासमोर गुडघ्यांवर बसला. उदबत्तीचा धूर दाटला. धाकट्या भावाने, ग्युहोने, किटली उचलून त्याच्या हातातल्या पितळी पेल्यात ओतलं. ग्युसिकचं तोंड किंचित उघडं होतं. मिरानला ते ताबडतोब कळलं. वास टाळता येत नसेल तेव्हा तोंडाने श्वास घ्या, असं बांग बाईंनी शिकवलेलं. म्हणजे त्याला पाण्याचा पत्ता लागणार नव्हता. तिला हायसं वाटलं. आधी थोडं वाळूच्या वाडग्यात, पितरांना खाली बोलावायला. मग भरलेला पेला धुरावरून फिरवून मेजावर. सगळ्यांनी वाकून नमस्कार घातले. पुढे काकांनी नावाचा कागद ओट्यावर नेऊन जाळला, आणि पितर आले तसे गेले.

आता राहिला प्रसाद. पितरांपुढची दारू आधी थोरल्या मुलाने घ्यायची, मग वडीलधाऱ्यांनी. मिरानचा हिशेब सोपा होता. ग्युसिक आपलं वाक्य म्हणेल तर उत्तमच; नाही म्हणवलं आणि ओठ लावावे लागले, तर ओठाला पाणी लागेल. मग ती 'किटली भरून आणते' म्हणून उठेल आणि काकांना खरी दारू मिळेल. कुणाला काही कळणार नाही.

काकांनी पेला मेजावरून उचलून ग्युसिकपुढे धरला. ग्युसिकने हात गुडघ्यांवर ठेवले. मिरान दाराशी उभी होती.

"काका," तो म्हणाला, "मला..."

"घे रे, घे," सासूबाई घाईने म्हणाल्या. "सणाचा दिवस. एका घोटाने काय होतंय?"

सगळं ठाऊक असलेली बाई ती. पोराला सोडायला दवाखान्याच्या दारापर्यंत रडत आलेली. पण दिराच्या आणि भाऊबंदांच्या देखत लाज जाण्यापेक्षा तिला एक घोट परवडत होता. मिरानला त्या क्षणी सासूचा इतका राग आला की तिने हातातलं पुसायचं फडकं पिळून काढलं.

"तुझा बाप बसलाय ना वाट बघत," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात जबरदस्ती नव्हती, माया होती, आणि तेच वाईट होतं. "गेल्या वर्षी तू नव्हतास. त्याच्या थोरल्याच्या हातचा घोट चुकला. मी म्हटलं त्याला, दम धर, पुढल्या वर्षी येतोय तो."

ग्युसिकचे हात गुडघ्यांवरून उठले. त्याने पेला घेतला. ओठ लावून खाली ठेवेल, मिरान मनात म्हणत होती, ओठ लावून ठेवेल. त्याने ओठ लावले नाहीत. त्याने मान मागे टाकली, डोळे मिटले आणि पेला एका दमात रिकामा केला.

त्याचा तो चेहरा तिने वर्षभर पाहिला नव्हता. सगळं ओझं उतरलेला, लहान मुलासारखा सैल पडलेला चेहरा. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने डोळे उघडले, रिकाम्या पेल्यात पाहिलं, आणि मान वळवून सरळ तिच्याकडे पाहिलं.

किटली भरून आणायचं ती विसरलीच. काकांनी तोवर स्वतःच किटली उचलून आपला पेला भरला होता. एक घोट, आणि त्यांनी तो हातरुमालात थुंकला.

"पाणी आहे हे."

काकांनी किटलीचं झाकण काढून नाक आत घातलं. मग ते एकेकाकडे बघत सुटले. माझ्या भावाला पाणी पाजलं, ते म्हणाले, वर्षातून एकदा येतो तो, आणि त्याला नळाचं पाणी पाजलं. आवाज चढला नव्हता. खरोखर दुःख झालेल्या माणसाचा आवाज होता.

"चुकून झालं असेल," सासूबाई म्हणाल्या. "दोन किटल्या आहेत घरात. नाही का गं, मिरान?"

वाक्य आयतं समोर आलं होतं. मिरानने ते उचललं. "हो," ती म्हणाली. "घाईत अदलाबदल झाली. माझीच चूक."

सुटले, असं तिला वाटलं. पण पूजेत चूक झाली तर ती काकांसारख्या माणसाने तशीच सोडायची असते का? ते शांत झाले, बाह्या सरसावल्या आणि दौत मागितली. नाव पुन्हा लिहायचं, पितरांना पुन्हा बोलवायचं, सगळं पहिल्यापासून. आणि सूनबाई, ते म्हणाले, आता बरोबर किटली आण.

मिरान स्वयंपाकघरात आली आणि मुळ्यांच्या टोपलीसमोर उभी राहिली. स्वतःच्या हाताने हे घडवून आणलं होतं तिने. पाणी भरलं नसतं, तर जे व्हायचं ते एकदाच झालं असतं. खोटं बोलली नसती, तर दुसरी फेरी आलीच नसती. आता पातेलं मोरीत ओतावं, पाय घसरल्याचं सांगावं, हाही विचार तिच्या डोक्यात येऊन गेला. तिने पातेलं उचललंसुद्धा.

"मी पिईन असं वाटलं तुला," ग्युसिक दारातून म्हणाला.

ती वळली नाही. "हो."

"बरोबर वाटलं."

"अहो, चला इथून. गाडी आहे. मी सांगते त्यांना काहीतरी."

"काहीतरी सांगू नकोस," तो म्हणाला. "तू कुणालाच काही सांगू नकोस आता. भर ती किटली आणि मध्ये पडू नकोस."

तो मागच्या दाराने अंगणात गेला. मिरानने किटली भरली. दारूचा वास सगळ्या स्वयंपाकघरात पसरला, आणि याच वासाने आपलं तारुण्य खाल्लं, असं तिला वाटून गेलं. खिडकीतून तो दिसत होता. गाडीपाशी उभा, फोन कानाला, दुसरा हात खिशात, जिथे किल्ली होती. जा, ती मनात म्हणाली. जा ना. फोनवर तो फारसं बोलत नव्हता, बहुधा ऐकत होता. एकदा त्याने गाडीच्या टपावर कपाळ टेकलं. काकांचं लिहून झालं, माजघरातून हाक आली. ग्युसिकने फोन खिशात टाकला आणि तो घरात आला. त्याच्या तोंडात खजूर होता.

पुन्हा उदबत्ती, पुन्हा वाळूचा वाडगा, पुन्हा नमस्कार. किटली मिराननेच आणून ग्युहोच्या हातात दिली होती. या वेळी दोन थेंब ग्युसिकच्या अस्तनीवर सांडले. मिरान दाराच्या चौकटीला धरून उभी होती. करण्यासारखं काहीच तिच्या हातात उरलं नव्हतं, आणि हे एवढं भयंकर असेल अशी तिला कल्पना नव्हती. कागद जळला. काकांनी पेला उचलून ग्युसिकपुढे धरला.

ग्युसिकने खजूर गिळला.

"काका, मी व्हिएतनामला नव्हतो. मी दवाखान्यात होतो. मला दारूचा आजार आहे. हा पेला मी घेणार नाही."

सासूबाईंनी तोंडाला हात लावला. काकांचा हात तसाच पुढे राहिला.

ग्युहो भला माणूस. त्याला वाटलं, आता आपण काहीतरी हलकंफुलकं बोलून वेळ मारून न्यावी. म्हणाला, "मग पितरांनीच वाचवलं की दादा तुला. मघाशी पाणी निघालं म्हणून बरं. म्हणजे तुझं काही मोडलं नाही."

"मघाशी मी दारूच प्यायलो, ग्युहो," ग्युसिक म्हणाला. "पाणी निघालं ते नंतर."

काकांनी हातातल्या पेल्याकडे पाहिलं. मग त्यांनी सावकाश वाळूचा वाडगा पुढे ओढला आणि ग्युसिकच्या वाट्याची दारू त्यात ओतून टाकली. ती वाळूत जिरेपर्यंत ते बघत राहिले.

"आणि किटलीत पाणी कुणी भरलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

सासूबाईंनी मिरानकडे पाहून डोळ्यांनी 'नको' म्हटलं.

"मी," मिरान म्हणाली. "चुकून नाही. मुद्दाम भरलं."

"हं," काका म्हणाले. "फार दमट हवा होती म्हणे तिकडे." आणि त्यांनी ग्युहोला आपला पेला भरायला सांगितलं.

निघताना सासूबाईंनी डबे बांधून दिले, पण मिरानशी त्या बोलल्या नाहीत. काका फाटकापर्यंत आले आणि ग्युसिकच्या खांद्यावर हात ठेवून परत फिरले. गाडी मिरानने घेतली. गावाबाहेर दोन्ही बाजूंना भात पिकून पिवळं पडलं होतं, रस्त्यावर सणाची गर्दी.

"उद्या बैठकीत सांगणार मी," तो म्हणाला. "प्यायलो म्हणून. उद्यापासून पुन्हा पहिला दिवस."

मिरानच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं वर्ष, त्यातल्या एवढ्या पहाटा, आणि ते सगळं एका नळाच्या पाण्याच्या पेल्यावर सोडून द्यायचं? "पण तुमच्या पोटात थेंब गेलेला नाही," ती म्हणाली. "दुसरा पेला तुम्ही नाकारलात. सगळ्यांदेखत नाकारलात. त्याचं काहीच नाही?"

"त्याचं आहे. त्याचंही सांगेन." तो खिडकीबाहेर बघत होता. "पण तुला एक माहीत नाही. पाणी लागलं तेव्हा मला बरं वाटलं नाही, मिरान. वाचलो असं वाटलं नाही. मला राग आला. इतका राग आला की वाटलं, उठावं आणि घरभर शोधावं, हिने खरी कुठे ठेवलीय."

लग्नापासून तिने त्याचं तोंड हुंगलं होतं, खिसे तपासले होते, फ्लशच्या टाकीत हात घालून पाहिलं होतं, दुकानदारांना दम भरले होते. माणसाच्या मनात काय चाललंय ते कळावं म्हणून करायचं ते सगळं केलं होतं, एक सोडून.

"आत्ता आहे ओढ?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. "आहे," तो म्हणाला. "फार आहे."

मिरानने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद करून ती उतरली, तोही उतरला. ती सणाच्या बुटांत, तो काळ्या सुटात. ती काही बोलली नाही, समजूत घातली नाही, त्याचा हातही धरला नाही. तो "गेली" म्हणेपर्यंत दोघं भाताच्या बांधावरून चालत राहिली.